गटात बसवलं की मुलं गप्प का होतात? (इंदूर, नववी-दहावीची ट्यूशन)

गणितवाली_लोकमान्यनगर

नमस्कार मंडळी. इंदूरला लोकमान्य नगरात घरीच नववी-दहावीचं गणित शिकवते. पुढची खोली आणि तिला लागून व्हरांडा, एवढाच पसारा. संध्याकाळच्या बॅचला सोळा मुलं. तीन वेगवेगळ्या शाळांची, काही सीबीएसई, काही एमपी बोर्ड. निम्मी मराठी घरांतली आहेत, पण आपापसांत सगळी हिंदीच बोलतात. इंदूरकरांना हे वेगळं सांगायला नको.

दिवाळीनंतर मी बसायची पद्धत बदलली. आधी सतरंज्यांवर रांगेत बसायची, तोंडं फळ्याकडे. आता सहा, पाच, पाच असे तीन गट केलेत. प्रत्येक गटाला एक मोठा कागद, एक स्केचपेन आणि दहा गणितं. भाचीच्या शाळेत असंच चालतं, मुलं एकमेकांकडून शिकतात, असं तिने फार कौतुकाने सांगितलं होतं.

माझ्याकडे काय होतंय ते ऐका. स्केचपेन ज्याच्या हातात, गणित त्याचं. आणि ते पेन दोन मिनिटांत ठरलेल्या मुलाच्याच हातात जातं, रोज. बाकीच्यांपैकी एक कागदाचा कोपरा धरून बसतो, एक "हां हां, सही है" म्हणतो, एक सतरंजीचे धागे उपसतो. एक मुलगी तर इतके दिवस फक्त कागदाला समास आखतेय. सुंदर आखते, दुहेरी, लाल-निळा.

परवाचं तर डोक्यातून जात नाही. मी फळ्यावर √(९+१६) लिहिलं आणि विचारलं, किती? सगळ्यांत चुणचुणीत मुलगा तात्काळ म्हणाला, "सात." मी चेहरा कोरा ठेवला. म्हटलं, ज्यांचं सात आलंय त्यांनी हात वर करा. भराभर हात वर. शेवटचा हात जरा रेंगाळत आला, तो आमच्या मागच्या गल्लीतल्या मुलाचा. मी नेमकी त्याच्या मागे उभी होते. त्याच्या कॉपीत पेन्सिलीने बारीक ५ लिहिलेला होता. एका हाताने तो खोडला आणि दुसरा वर केला. नंतर थांबवून विचारलं तर म्हणतो, "काकू, सगळ्यांचं सात होतं ना."

हाच मुलगा रविवारी एकटा येतो तेव्हा पायथागोरसवरून माझ्याशी भांडतो. (एकटा असला की मी काकू, बॅचमध्ये असला की मॅम. असो.)

वागण्याचीही तीच तऱ्हा. गट आपोआप शाळेनुसार पडलेत. एका शाळेची मुलं दुसरीच्या चुकांवर फिदीफिदी हसतात, कागदाचे बोळे उडतात. त्यात एरवी मान खाली घालून बसणारा एक मुलगा सगळ्यांत पुढे.

तर परत रांगेत बसवू, की गट करण्याचीच काही वेगळी रीत आहे? ज्यांनी स्वतः वर्ग चालवलेत त्यांनी सांगा. "मुलांना प्रेमाने समजवा" छाप सल्ला नको, तो करून झालाय.

---

रामबागचे_काका

परत रांगेत बसवा. गट म्हणजे गप्पा.

आमच्या वर्गात साठ-सत्तर पोरं असायची. मास्तर एकेकाला फळ्यापाशी उभं करायचे. पाय लटपटायचे, पण एकोणतीसचा पाढा आजही झोपेत म्हणून दाखवतो. दुसरं म्हणजे ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. टिवल्याबावल्या करणाऱ्या पोरांना तोंडाला तोंड लावून बसवलं तर दुसरं काय होणार? हुशार मुलांचं नुकसान होतंय ते वेगळंच.

---

बडोदा_प्रॅक्टिकल

मी बडोद्याला डिप्लोमाच्या मुलांची फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेतो. तुमचं स्केचपेन म्हणजे माझा व्हर्नियर कॅलिपर, धातूच्या गोळीचा व्यास मोजायचं साधन. चौघांत एक यायचा. एक जण माप घ्यायचा, दुसरा आकडा मोठ्याने म्हणायचा, उरलेले दोघे जर्नलमध्ये उतरवायचे. जर्नलं तपासताना चारही ठिकाणी हुबेहूब तीच रीडिंग्ज आणि तीच चूक: झिरो एरर (काहीही न पकडता कॅलिपर जो आकडा दाखवतो तो) बेरजेला घेतलेली, जिथे वजा करायची होती. चार डोकी, आणि एकाच्याही मनात आलं नाही की गोळीचा व्यास स्टीलच्या पट्टीवर ठेवूनही दिसतो, तेवढा तो नाहीच.

मी एवढंच केलं. कॅलिपर एकच, पण गोळ्या चार, प्रत्येकाला वेगळ्या मापाची. तक्त्यात ज्याच्या त्याच्या नावाचा रकाना. आणि तोंडी परीक्षेला गटातल्या कुणालाही उठवतो, त्याने शेजाऱ्याच्या रकान्यातला आकडा कसा आला ते सांगायचं. आता शेजाऱ्याचं माप चुकत असेल तर पोरं आपणहून ओरडतात, कारण उत्तर आपल्यालाही द्यावं लागणार.

तोटाही सांगतो. वेळ जास्त लागतो. दोन तासांत आटपणारं प्रॅक्टिकल आता आटपत नाही, आणि लॅब असिस्टंट माझ्याकडे घड्याळ दाखवत उभा असतो.

---

जुनी_बीएडवाली

मी इंदूरचीच. बीएडच्या मुलींना बरीच वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे, तेव्हा उत्तर लांबणार. चहा घेऊन बसा.

ताई, तुमच्या प्रश्नात दोन निरनिराळे आजार आहेत आणि औषधंही निराळी. समास आखणारी मुलगी हा एक, ५ खोडणारा मुलगा हा दुसरा. पहिली गटात लपते आहे. दुसरा गटाला घाबरतो आहे.

लपण्याचं आधी. रिंगेलमान नावाचा एक फ्रेंच माणूस होता, शेतीच्या यंत्रांचा अभियंता. माणसांना दोर ओढायला लावून तो जोर मोजायचा. १९१३ साली त्याने हे छापलं: ओढणारे वाढले की प्रत्येकाच्या वाट्याचा जोर कमी होत जातो. तेव्हा वाटलं की सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत म्हणून असं होत असेल. पण १९७९ मध्ये अमेरिकेत बिब लाताने या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सोबत्यांनी कॉलेजच्या मुलांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावलं. डोळ्यांना पट्टी, कानांवर हेडफोन. मुलगा ओरडत होता एकटाच, पण त्याला सांगितलेलं की तुझ्याबरोबर आणखी पाच जण ओरडताहेत. तरी आवाज खाली आला. म्हणजे ताळमेळाचा प्रश्न थोडासाच, बाकी माणूस हात आखडता घेतो. पुढे त्याच मंडळींनी प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं सांगून बघितलं, तेव्हा हा आखडलेला हात सुटला.

बडोद्याच्या सरांनी रकाने पाडून नेमकं हेच केलंय. आणि तुमचा मोठा कागद नेमकं उलटं करतो. त्यावर कुणी काय केलं हे देवालासुद्धा कळणार नाही. सहा जणांत एक पेन दिल्यावर पाच जण प्रेक्षक होणारच. ती मुलगी आळशी असेल किंवा नसेल, या मांडणीत ते तुम्हाला कळायची सोयच नाही.

आता ५ खोडणारा. सॉलोमन ॲशचा १९५१ चा प्रयोग बीएडच्या प्रत्येक मुलीने परीक्षेपुरता पाठ केलेला असतो आणि वर्गात उभी राहिली की ती तो विसरते. एक रेघ दाखवायची, शेजारी तीन रेघा, त्यांतली पहिलीएवढी कोणती ते सांगायचं. शेंबड्या पोरालाही जमेल. पण खोलीतले बाकी सगळे आधीच फितवलेले, ते एकमुखाने चुकीची रेघ सांगतात. खऱ्या माणसाची पाळी शेवटी शेवटी येते. सुमारे एक तृतीयांश वेळा लोकांनी डोळ्यांना दिसतंय ते सोडून गटाचं उत्तर दिलं. तीन चतुर्थांश माणसं निदान एकदा तरी वाकली. कॉलेजातली मोठी मुलं होती ही. तुमचा तर पंधरा वर्षांचा.

त्याच प्रयोगात तुमच्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. फितवलेल्यांपैकी एकाने जरी खरं उत्तर दिलं, की दडपण झरझर उतरायचं. आणि उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायची मुभा दिली तरी उतरायचं. तेव्हा "हात वर करा" बंद. मुलं आधी दुसऱ्यांचे हात मोजतात आणि मग आपला उचलतात. प्रत्येकाला वहीचं पान चतकोर फाडून द्या. दोन मिनिटं संपूर्ण गप्प, उत्तर लिहायचं, घडी घालून तुमच्याकडे. मग आलेली सगळी उत्तरं नावं न सांगता फळ्यावर लिहा: ५, ७, २५. आता शेजाऱ्याला पटवा म्हणावं. फळ्यावर ५ दिसला की त्या मुलाला साथीदार मिळाला, भले तो खडूने लिहिलेला असेना का. मग पुन्हा चिठ्ठी. हार्वर्डमध्ये एरिक मॅझूर १९९१ पासून फिजिक्स याच क्रमाने शिकवत आले: आधी एकट्याचं मत, मग शेजाऱ्याशी वाद, मग परत मत. एकट्याने आधी ठरवायचं, यावर सगळी मदार. वाद आधी आणि मत नंतर असं केलंत तर तुमचा चुणचुणीत मुलगा एकटाच सोळा मतं देणार.

गटांबद्दल. सहाचा गट मोडा. चार गट तिघांचे, एक चौघांचा. प्रत्येकात तिन्ही शाळांचं एकेक मूल. आणि काम असं द्या की एकालाही वगळून पुरं होणार नाही. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला काळी, गोरी आणि मेक्सिकन घरांतली मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि रोज मारामाऱ्या चालल्या होत्या. तिथे ॲरनसन या मानसशास्त्रज्ञाने धड्याचे तुकडे केले. प्रत्येक मुलाकडे एकच तुकडा. ज्या मुलाला कालपर्यंत चिडवत होते त्याचाच तुकडा ऐकल्याशिवाय परीक्षेचं भागेना. हसणं कमी झालं, शिकणंही सुधारलं. इतिहासाच्या धड्याचे तुकडे सहज पडतात, गणिताचे सगळीकडे पडत नाहीत, हे मान्य. पण दहावीचं वर्गसमीकरण बघा: अवयव पाडून, पूर्ण वर्ग करून, सूत्राने. तीन रीती, तीन मुलं. सगळे "सूत्रवाले" आधी एकत्र बसून आपली रीत पक्की करतील, मग आपापल्या गटात जाऊन बाकी दोघांना शिकवतील. समासवालीला सूत्र द्या.

काका, रागावू नका, पण फळ्यापाशी तुमचा पाढा चांगला यायचा कारण तो आधीच पाठ होता. १९६५ मध्ये झायन्स या मानसशास्त्रज्ञाने मांडलं की लोक बघत असले की मुरलेलं काम जास्त चांगलं होतं आणि कच्चं काम जास्त बिघडतं. पाढे जरूर फळ्यापाशी म्हणवून घ्यावेत. नवं प्रकरण शिकवल्या दिवशी एखाद्याला तिथे उभं करणं म्हणजे तमाशा.

राहिले कागदाचे बोळे. छप्पन दुकानवर, आपल्या खाऊगल्लीत, हीच मुलं आइस्क्रीमची काडी हातात धरून कचऱ्याचा डबा शोधत फिरतात. २०१७ ला स्वच्छतेत देशात आपला पहिला नंबर आला तेव्हापासून या शहरात रस्त्यावर कागद टाकला की चार माना वळतात. तुमच्या व्हरांड्यात मान वळत नाही, उलट हशा मिळतो. मान खाली घालणारा तो मुलगा बोळे फेकून हशा कमावतोय, बाकी त्याच्याजवळ कमावण्यासारखं त्या गटात काही नाही. रंगपंचमीच्या गेरमध्ये, त्या मिरवणुकीत, तो कसा नाचतो ते बघा, मग स्वभावाबद्दल बोलू. त्याला जागा बदलून द्या आणि शिकवायला एक तुकडा द्या. बोळ्यांबद्दल भाषण देऊ नका.

---

भंवरकुआ_रिटर्न

मॅडमचं सगळं पटतंय, पण एक गोष्ट खटकली. प्रत्येकाचं वेगळं दिसलं पाहिजे, हे वाचून पोटात गोळा आला.

मी जिथे कोचिंग केलं तिथे दर टेस्टनंतर यादी लागायची, दारावर, नावानिशी. मग त्या यादीवरून बॅच बदलायची. शाळेत मी पहिल्या तिनांत असायचो (वासरात लंगडी गाय शहाणी, दुसरं काय). इथे वरच्या बॅचमध्ये पोचलो आणि शेवटच्या बाकावर गेलो. मार्क पहिल्यापेक्षा वाढले होते, खोटं नाही सांगत. तरी मला वाटायचं मी ढ आहे, कारण शेजारचा माझ्या दुप्पट वेगाने सोडवायचा. शंका विचारणं बंद केलं. खालच्या बॅचमधला माझा रूममेट माझ्यापेक्षा कमी जाणायचा आणि सरांना दहा प्रश्न विचारून यायचा. शेवटी निवड त्याची झाली, भिया.

तेव्हा वेगळं दिसू द्या, पण कुणाला?

---

जुनी_बीएडवाली

बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. शिकवणाऱ्याला दिसलं पाहिजे, चारचौघांना नाही. चिठ्ठीवर नाव हवं, फळ्यावर नको. आणि तुमचा तो अनुभव अभ्यासकांच्या ओळखीचा आहे. हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की तेवढीच कुवत असलेलं मूल हुशारांच्या वर्गात स्वतःला कमी समजायला लागतं आणि साधारण वर्गात जास्त. आई-बाप वरच्या बॅचसाठी भांडतात तेव्हा हा हिशेब कुणी करत नाही.

---

गणितवाली_लोकमान्यनगर

सगळ्यांचे आभार. करून बघितलं, आता जे झालं ते.

आधी मुद्दाम जुन्याच रीतीने विचारलं. फळ्यावर −३² लिहिलं. चुणचुणीत म्हणाला "नौ", आणि सगळे हात वर. मग काही न बोलता चिठ्ठ्या वाटल्या, म्हटलं मनात जे आहे ते लिहा, नाव घाला, मी कुणाला दाखवणार नाही. चिठ्ठ्या उघडल्या तर चार जणांचं −९! चौघांनीही दोन मिनिटांपूर्वी नऊला हात वर केलेला. फळ्यावर दोन्ही उत्तरं लिहिल्यावर जो कल्ला झाला तो मी या व्हरांड्यात कधी ऐकला नव्हता. मागच्या गल्लीतला उठून उभा राहिला आणि म्हणाला, "घात तीनचा आहे, वजाचा नाही. कंस असता तर नऊ." दुसऱ्या चिठ्ठीत आठ-दहा जण सरकले. चुणचुणीत नाही सरकला, तो अजून नऊवर आहे.

समासवालीची चिठ्ठी कोरी होती. कोपऱ्यात नाव, सुंदर अक्षरात. तिला बाजूला घेऊन बसले तेव्हा कळलं, सातवीतल्या ऋण संख्यांपासून सगळं डळमळीत आहे. सूत्राचा तुकडा तिला आत्ता देऊन चालणार नाही. आधी तिच्याबरोबर आठवडाभर मागे जावं लागेल.

नवी भानगड म्हणजे चुणचुणीतच्या आईचा फोन. "आमचा मुलगा तुमच्याकडे शिकायला येतो की दुसऱ्यांना शिकवायला? फी तर आम्हीच भरतो ना?" काय सांगू?

---

बडोदा_प्रॅक्टिकल

तो अजून नऊवर आहे ना? मग त्यांना हेच सांगा. चिठ्ठी दाखवा, त्याची आहे, त्याच्या आईला दाखवायला हरकत नाही. वेगाने उत्तर देणाऱ्या मुलाचं उत्तर कुणी तपासतच नाही, ना शेजारी, ना तो स्वतः. माझ्या लॅबमध्ये झिरो एररची चूक करणारा नेहमी गटातला सगळ्यांत हुशार मुलगाच असायचा, कारण कॅलिपर त्याच्याच हातात असायचा.

---

जुनी_बीएडवाली

आणि त्याला पूर्ण वर्गाची रीत द्या. अवयव आणि सूत्र तो धडाधड म्हणेल. पूर्ण वर्ग दुसऱ्याला समजावताना "अर्ध्याचा वर्ग का मिळवायचा" हा प्रश्न समोरून आला की तो अडखळेल. फोन मग त्याच्या आईचा नाही, त्याचाच येईल.

समासवालीबद्दल तुमचं बरोबर, सूत्राचं मी घाईने सांगितलं. तोवर तिच्या गटात उत्तरं ताडून बघायचं काम तिच्याकडे ठेवा, किंमत समीकरणात घालून दोन्ही बाजू जुळतात का ते. ऋण संख्यांचा सरावही त्यातच होईल.

---

रामबागचे_काका

वाचतोय. चिठ्ठीचं पटलं, गटाचं अजून नाही.

माझे दोन नातू आहेत, चुलत भाऊ, दोघेही नववीत. एक बोलतो, दुसरा त्याच्याकडे बघून मान डोलावतो. तुमच्याकडे जागा आहे का?

---

गणितवाली_लोकमान्यनगर

काका, आहे. सव्वापाचला पाठवा, येताना दोन वेगवेगळ्या कॉप्या आणा म्हणावं. पण दोघांना एका गटात बसवणार नाही, ते घरी आधीच सांगून ठेवा.